ओलिमजानचा नकाराचा वर्ग

मफ्तुना हरवून सापडली त्या दिवशी मार्गिलानच्या त्या मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्यांनी तिच्या वडिलांचं अभिनंदन केलं.

झालं होतं असं. गल्लीत लग्न होतं. माणसांची ही गर्दी. त्या गर्दीत एका अनोळखी बाईनं सहा वर्षांच्या मफ्तुनाच्या हातात नानचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, "बाळ, एवढं थांब्यापर्यंत धर." मफ्तुनानं धरलं. थांब्यावर व्हॅन आली. बाई म्हणाली, "चढ लवकर." मफ्तुना चढली. बाईचा समज असा की ही पोर नवऱ्यामुलाकडच्या वऱ्हाडातली आहे आणि वऱ्हाड परत फर्गानाला निघालंय. फर्गाना आल्यावर सगळे आपापली पोरं मोजून घरी गेले आणि ही एक शिल्लक राहिली. बाई भली होती. तिनं मुलीला आइस्क्रीम खाऊ घातलं आणि दुपारच्या व्हॅननं परत आणून सोडलं. तोवर इकडे ओलिमजान हातात काठी घेऊन गल्लीतल्या पाटाच्या काठाकाठानं फिरत होता, आणि ती काठी पाण्यात घालायची काही त्याची छाती होत नव्हती.

"काय गुणी पोर आहे," बाई अंगणात बसून चहा पीत सगळ्यांना सांगत होती. "धर म्हटलं, धरलं. चढ म्हटलं, चढली. एका शब्दानं नाही म्हणून म्हणाली नाही."

"असं वळण बाजारात विकत मिळत नाही, ओलिमजान," शेजारचे कोझिम अका म्हणाले; तिकडे थोरल्या माणसाला अका म्हणतात. मोहल्ल्याचे अध्यक्ष तुर्सुनबोय अका म्हणाले की पुढच्या सभेत ते या गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करतील. ओलिमजान सगळ्यांना चहा ओतत होता. आइस्क्रीमनं चिकट झालेली मुलगी त्याच्या बायकोनं, दिलोरोमनं, मांडीवर घट्ट धरली होती आणि पाहुणे जाईपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी ओलिमजाननं मुलीला समोर बसवलं.

"ती बाई चढ म्हणाली तेव्हा तुला भीती नाही वाटली?"

"वाटली."

"मग नाही का म्हणाली नाहीस?"

मफ्तुनानं आपल्या बापाकडे जरा काळजीनंच पाहिलं. "मोठ्या माणसांना नाही म्हणायचं नसतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही."

ओलिमजान पाणीपुरवठा खात्यात होता. गळती कुठे आहे हे शोधणं हाच त्याचा पेशा, पण ही गळती थेट त्याच्याच घरातून निघाली. त्यानं घसा साफ केला. "हे बघ, आता मी अनोळखी माणूस आहे असं समज. मी म्हणतो, चल माझ्याबरोबर. तू म्हणायचं, नाही, मी येत नाही. म्हण."

मफ्तुनानं तोंड उघडलं. आईकडे पाहिलं. पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मोठ्यानं नको म्हणूस, हळूच म्हण. चल माझ्याबरोबर."

"येते," मफ्तुना हळूच म्हणाली.

असं पुष्कळ वेळ चाललं. शेवटी वैतागून, आणि थोडं बायकोवर छाप पडावी म्हणूनही, ओलिमजान इंग्रजीत म्हणाला, "कम विथ मी." तर काय, पोरीनं बालवाडीत इंग्रजी कविता म्हणताना उभं राहावं तसे दोन्ही हात बाजूला ताठ केले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नो, थँक यू."

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली. मग ओलिमजानच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या भाषेत मोठ्यांना नाही म्हणणं हा उद्धटपणा, त्यात आईबापांसकट सात पिढ्यांच्या वळणाचा उद्धार होतो. पण इंग्रजीत नाही म्हणणं हा अभ्यास. अभ्यासाचा कुणाला राग येतो?

इथे ओलिमजानच्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. एकदा पंप बघायला परदेशी इंजिनिअर आले होते आणि ते होते तोवर दुभाष्याचं काम यानं केलं होतं. पंप अजून चालू आहेत, त्या अर्थी भाषांतर बरोबरच झालं असणार. तेव्हापासून मोहल्ल्यात कुणाच्या फ्रीजवर, शाम्पूवर, औषधावर इंग्रजी लिहिलेलं दिसलं की ते ओलिमजानकडे यायचं. तो चष्मा लावून गंभीरपणे वाचायचा आणि म्हणायचा, "उन्हात ठेवू नका." बहुतेक वेळा ते खरंही निघायचं.

तर त्यानं वाक्यं तयार केली. कुणी काही देऊ लागलं तर, "नो, थँक यू. आय डोन्ट नो यू." कुणी घरी आलं आणि घरात मोठं माणूस नसलं तर, "वेट देअर. आय विल आस्क माय मदर." दिलोरोम गाजरं चिरता चिरता ऐकत होती. ती पोलिक्लिनिकमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नर्स होती.

"आणखी एक घाला," ती म्हणाली. "कुणी अंगाला हात लावला आणि पोरीला आवडलं नाही, तर काय म्हणायचं तेही शिकवा. मग तो कुणीही असो, घरचा असो की दारचा."

"घरचं कोण काय करणार आहे?"

"मफ्तुनाचे बाबा," दिलोरोम म्हणाली, "मी तिथे कधीकधी काय बघते ते मी घरी येऊन सांगत नाही. पण त्यातल्या काही पोरांना वेळेवर एक शब्द तोंडातून काढता आला असता तर बरं झालं असतं." आणि ती पुन्हा गाजरं चिरू लागली.

ओलिमजाननं तिसरं वाक्य लिहिलं. "स्टॉप. आय डोन्ट लाइक इट."

वर्ग सुरू झाला तो फक्त मफ्तुनासाठी, अंगणातल्या जर्दाळूखालच्या मोठ्या बाजेवर. पण जर्दाळूखाली इंग्रजी चाललंय आणि तेही फुकट, ही बातमी भिंतीपलीकडे जायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी कोझिम अकांचे जुळे नातू आले. तिसऱ्या दिवशी त्या जुळ्यांचे मित्र आले. आठवडा झाला नाही तोच बाजेवर बसायला जागा उरेना आणि ओलिमजान स्वतः उलट्या बादलीवर बसून शिकवू लागला. आपण काय शिकवतो हे त्यानं आयांना सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजी म्हटल्यावर पुढचं ऐकायला कुणीच थांबलं नाही. आया मुलांबरोबर गरम सोमसे, म्हणजे तिकडचे समोसे, पाठवायच्या आणि सोबत सूचना. एकीचं म्हणणं, माझ्या मुलाला विमान चालवायचंय, तेवढंच शिकवा. दुसरीला तिच्या मुलीनं मामाच्या लग्नात इंग्रजी गाणं म्हणायला हवं होतं, आणि लग्न येत्या गुरुवारी होतं.

कोझिम अका भिंतीवर हनुवटी टेकवून उभे असायचे. तरुणपणी त्यांनी पार पोलंडच्या हद्दीपर्यंत ट्रक नेला होता. हद्दीच्या पुढे ते गेले नव्हते, पण परदेश हा तेव्हापासून त्यांचा विषय होता.

"आधी 'पासपोर्ट प्लीज' शिकव," ते म्हणायचे. "परदेशात सगळं त्याच्यावर चालतं."

"अका, ही पोरं सहा वर्षांची आहेत."

"मग आत्तापासूनच नको का शिकवायला?"

पुढे व्हायचं ते झालं. तुर्सुनबोय अका एक दिवस फाटकातून आत आले, बाजेकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, एक जर्दाळू तोंडात टाकला आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"मुलांना थोडं शिकवतोय, अध्यक्ष."

"ते दिसतंय. पण हे आहे काय? वर्ग, मंडळ, की उपक्रम?"

ओलिमजानला यातला फरक ठाऊक नव्हता. फरक असा होता की तिन्हींसाठी वेगवेगळ्या कचेऱ्या होत्या. त्यानं भाबडेपणानं 'वर्ग' म्हटलं आणि शिक्षण खात्यात गेला. तिथल्या बाईंनी विचारलं, "छताची उंची?"

"छत नाही. झाड आहे."

"झाडाची उंची?"

ओलिमजाननं अंदाजानं सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली आणि विचारलं की हिवाळ्यात पानं गळाल्यावर त्याला छत म्हणता येईल का. त्यावर वरच्या साहेबांचं मत घ्यावं लागेल, तुम्ही पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात साहेब म्हणाले, अर्जात 'सुरक्षा' हा शब्द आहे, सुरक्षा आमच्याकडे येत नाही, अग्निशमन दलाकडे जा. अग्निशमन दलाला आजवर कुणी आपण होऊन बोलावलं नव्हतं, सगळे आग लागल्यावरच बोलवायचे. त्यामुळे त्यांचा निरीक्षक मोठ्या उत्साहानं आला. त्यानं पोटभर जर्दाळू खाल्ले आणि अंगणात लाल रंगाची फळी, त्यावर फावडं, कुऱ्हाड, बादली आणि शेजारी वाळूची पेटी बसवायला लावली. ओलिमजानची बसायची बादली या व्यवहारात लाल झाली आणि फळीवर टांगली गेली. वाळूच्या पेटीत मुलं किल्ले करू लागली. मग आरोग्याचा दाखला लागला. तो दिलोरोमच्याच पोलिक्लिनिकमध्ये मिळायचा. ओलिमजान मागच्या दारानं बायकोकडे गेला.

"रांग पुढच्या दाराला आहे," नर्स दिलोरोम म्हणाली आणि पुढच्या पेशंटला सुई टोचली.

इतकं सगळं करून परवानगीचा कागद मिळाला तेव्हा ओलिमजानला वाटलं, सुटलो. खरी गंमत तर त्यानंतर होती, कारण तोवर मुलांची वाक्यं तोंडपाठ झाली होती आणि ती आता बाहेर वापरायला सुरुवात झाली होती.

पहिला फटका कोपऱ्यावरच्या नानवालीला बसला. तंदुरातून काढलेला नान येणाऱ्याजाणाऱ्या पोराला मोडून द्यायचा ही तिची जन्माची सवय. त्या गावात कुणी नान पुढे केला तर पोट फुटेस्तोवर जेवलेला माणूसही निदान तुकडा मोडून तोंडात घालतो. तिनं जुळ्यांपुढे नान केला. जुळे ताठ उभे राहिले आणि एका सुरात म्हणाले, "नो, थँक यू. आय डोन्ट नो यू." इंग्रजी तिला कळलं नाही, पण नान हातात तसाच राहिला एवढं कळलं. ती रडत रडत ओलिमजानच्या फाटकाशी आली. "माझ्या नानला काय झालंय ते एकदा सांगा. या पोरांच्या आईलासुद्धा मीच नान भरवलाय." ओलिमजाननं तिथल्या तिथे उभ्या उभ्या अख्खा नान खाल्ला तेव्हा कुठे ती गेली.

मग गॅसचा मीटर बघणारा आला. एका घरी छोट्या मुलीनं फाटक किलकिलं करून त्याला फर्मावलं, "वेट देअर. आय विल आस्क माय मदर." आई बाजारात गेली होती आणि बाजारातून परस्पर माहेरी. मीटरवाला सकाळचा उन्हात उभा राहिला तो दुपारपर्यंत. नंतर त्याला कुणी विचारलं, "अरे, पण गेला का नाहीस?" तर म्हणाला, "इंग्रजीत सांगितलं होतं. मला वाटलं, वरून हुकूम असेल."

इतपत ठीक होतं. लोक हसले, ओलिमजानही घरात जाऊन हसला. पण मग कोझिम अकांच्या धाकट्या मुलीला मागणी घालायला कोकंदहून बायका आल्या.

मागणी घालायला येणाऱ्या बायका म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला विचारावं. घर आठवडाभर आधीपासून धुऊन निघतं, फाटकापुढची गल्ली झाडून पाणी मारलं जातं, आणि अमुक दिवशी येणार हे ठाऊक असूनही त्या अचानक आल्या असं दाखवायचं असतं. पाहुणा फाटकाबाहेर क्षणभरही ताटकळला तर त्या घरात कुणी सोयरीक करत नाही. त्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका मागे पुलावाच्या कढईपाशी होत्या, आणि कोझिम अका आत नवा झगा चढवत होते. फाटकात जुळे खेळत होते. जरीच्या रुमालात नान बांधून उंची कपड्यातल्या पाच जणी समोर उभ्या राहिल्या. त्यातली थोरली गोड आवाजात म्हणाली, "बाळांनो, आजोबा आहेत का? आम्ही आत येतो हं."

"स्टॉप," एक जुळा म्हणाला.

"आय डोन्ट नो यू," दुसरा म्हणाला, आणि दोघांनी मिळून फाटक लावून आतून अडसर घातला. शिकवलं होतं ते त्यांनी तंतोतंत केलं. एकाही वाक्यात चूक नव्हती.

कोझिम अका झग्याचे बंद बांधत बाहेर आले तोवर गल्लीच्या टोकाला गाडीची धूळ तेवढी दिसत होती. त्या दिवसापासून भिंतीवरची हनुवटी नाहीशी झाली. कोझिम अकांनी ओलिमजानशी बोलणं टाकलं. सकाळी दोघं एकाच वेळी आपापल्या दारापुढे झाडायला यायचे, आणि अका आपला कचरा न बोलता ओलिमजानच्या हद्दीपर्यंत आणून तिथेच ठेवायचे.

मोहल्ल्याची सभा चहाखान्यात भरली. तिथे अध्यक्षांनी ओलिमजानचा उल्लेख केला खरा, पण अभिनंदनासाठी नव्हे. पांढऱ्या दाढ्यांची रांग समोर बसली होती. एक म्हातारबाबा म्हणाले, "मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद द्यायला. ते मला काहीतरी म्हणालं आणि मागे सरलं. काय म्हणालं ते?"

ओलिमजाननं अर्थ सांगितला. चहावाल्यानं ओतता ओतता किटली खाली ठेवली.

"बाबा, माझी मुलगी त्या दिवशी व्हॅनमध्ये बसून गेली होती," ओलिमजान कसंबसं म्हणाला. "ती बाई भली निघाली. प्रत्येक वेळी भलीच निघेल असं नाही."

"म्हणून आम्ही सगळे लबाड?" म्हातारबाबांनी विचारलं. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि त्यानं ओलिमजानचं उरलंसुरलं अवसान गेलं.

तुर्सुनबोय अका खरे मुरलेले अध्यक्ष. ते म्हणाले, वर्ग बंद करायला नको, कागद मोठ्या मुश्किलीनं झालाय, शिवाय पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे लोक बघायला येणार आहेत. फक्त वाक्यं बदला. "वेलकम, डिअर गेस्ट. यस, प्लीज." पाहुण्यांना बरं वाटेल आणि इंग्रजीचं इंग्रजीही होईल. "काय, ओलिमजान?"

ओलिमजाननं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. दाढ्यांकडे पाहिलं. आपल्या बुटांकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा दिलोरोम कपडे वाळत घालत होती. तिनं शेवटचा चिमटा लावला आणि म्हणाली, "तुमच्या वर्गात तुम्हीच बसा."

"तू तिथे असतीस तर कळलं असतं. सगळे वडीलधारे."

"तेच तर मफ्तुना म्हणाली होती," दिलोरोम म्हणाली. ओलिमजान रुसून बाजेवर जाऊन बसला आणि तिथेही मुंग्या होत्या.

दरम्यान कोकंदहून निरोप आला. त्या थोरल्या बाईनं घरी जाऊन सांगितलं होतं, "काय घराणं आहे. फाटकावरची चिल्लीपिल्लीसुद्धा इंग्रजीत बोलतात, आणि ओळख पटल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत. अशा घरात मुलगी किती सांभाळून वाढवली असेल." त्या पुन्हा यायच्या होत्या. कोझिम अकांची हनुवटी भिंतीवर परतली. "मी तुला पहिल्यापासून म्हणत होतो, ओलिमजान," ते म्हणाले, "पासपोर्ट बघितल्याशिवाय आत घ्यायचं नाही."

पण वाक्यं बदलली ती बदललीच. मुलं आता येणाऱ्याजाणाऱ्याला "यस, प्लीज" म्हणत होती आणि मोहल्ला खूश होता. खूश नव्हती ती दोनच माणसं, आणि ती एकाच घरात राहून एकमेकांशी मोजकं बोलत होती. रात्री मुलगी झोपली की ओलिमजान तिच्याकडे बघायचा आणि त्याला ती व्हॅन आठवायची.

अशात साओदत आत्या आली.

ओलिमजानची आई लवकर गेली. त्याला वाढवला तो या आत्यानं. ती अंदिजानला असायची, पण तिचा शब्द मार्गिलानपर्यंत पोचायचा. तिच्यापुढे ओलिमजान अजून उशीला टेकून बसत नसे. ती आली की पुलाव शिजायचा, शेजारपाजार जेवायला यायचा, आणि मफ्तुनाच्या गालाची धडगत नसायची. आत्याचं प्रेम तिच्या अंगठ्यात आणि वाकवलेल्या तर्जनीत होतं. ती गाल त्या दोहोंत धरायची आणि कुलपात किल्ली फिरवावी तसा फिरवायची. मग म्हणायची, "माझं साखरेचं पोतं." संध्याकाळपर्यंत गालावर लाल ठिपका राहायचा. मफ्तुनाला हे माहीत होतं. आत्या फाटकात दिसली की ती आईच्या मागे जायची, आणि दरवेळी ओलिमजानच तिला पाठीला हात लावून पुढे ढकलायचा. "जा, आजीला भेट."

त्या दिवशीही त्यानं ढकललं. ढकलल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण तोवर मुलगी आत्याच्या मांडीवर पोचली होती.

"ही इंग्रजी बोलते म्हणे," आत्या म्हणाली. समोर कोझिम अका, तुर्सुनबोय अका, दोघांची घरची माणसं, सगळे पुलावाभोवती बसले होते. आत्यानं गाल धरला आणि फिरवला. "बोल की, माझं साखरेचं पोतं."

मफ्तुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "स्टॉप. आय डोन्ट लाइक इट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा, काय उच्चार आहे," कोझिम अका म्हणाले. "पोलंडला अगदी असंच बोलतात." आत्याला भरून आलं. तिनं प्रेमानं दुसरा गाल धरला. "पुन्हा म्हण, सोन्या."

"स्टॉप," मफ्तुना म्हणाली. "आय डोन्ट लाइक इट."

पुन्हा टाळ्या. आणि ओलिमजानला एकदम आपली चूक दिसली. ज्या नकाराचा कुणाला राग येत नाही, त्या नकारानं कुणाचा हातही थांबत नाही. त्यानं पोरीला पाठांतर दिलं होतं आणि लोक पाठांतराचं कौतुक करत होते. गाल पिळला जातच होता.

मफ्तुनानं टाळ्या वाजवणाऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग आईकडे. मग तिनं आत्याचं मनगट आपल्या दोन्ही हातांनी धरलं, गालापासून बाजूला केलं, आणि आपल्या रोजच्या भाषेत, रोजच्या आवाजात म्हणाली, "नको, आजी. मला दुखतं."

टाळ्या बंद पडल्या. कोझिम अकांचा घास हातातच राहिला. आत्याचं मनगट हवेत तसंच होतं आणि त्या मनगटाला आजवर असं कुणी बाजूला केलेलं नव्हतं. ती मुलीकडे बघत नव्हती. ती ओलिमजानकडे बघत होती, आणि सगळे ओलिमजानकडे बघत होते.

आता बापानं काय करायचं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीला दटावायचं, आजीची माफी मागायला लावायची, आणि स्वतः दोनदा मागायची. ते शब्द ओलिमजानच्या जिभेवर आलेसुद्धा. मफ्तुना त्याच्याकडे बघत होती. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या, पण मान खाली नव्हती. आज आपण हिला गप्प केलं, तर ही पुन्हा कधीच बोलणार नाही, कुणालाच नाही, हे त्याला स्पष्ट कळलं.

तो उठून उभा राहिला.

"आत्या," तो म्हणाला, "ती नको म्हणाली."

"ऐकलं मी," आत्या म्हणाली.

"म्हणजे, नको तर नको, आत्या. मांडीवरून उतरायचं असेल तर तिला उतरू दे." तो तुर्सुनबोय अकांकडे वळला. "आणि अध्यक्ष, वर्गातली वाक्यं मी बदलणार नाही. जुनीच ठेवणार. आणि आपल्या भाषेतही शिकवणार." हे शेवटचं तो आधी ठरवून बोलला नव्हता, पण आता उठलोच आहोत तर होऊन जाऊ दे, असं त्याचं झालं. तुर्सुनबोय अका चमचा शोधू लागले. तो त्यांच्या हातातच होता.

मफ्तुना मांडीवरून उतरली आणि जरा अंतरावर, पण तिथेच उभी राहिली. दिलोरोमनं चहा ओतायला घेतला.

"ओलिम," आत्या म्हणाली. "तू एवढासा होतास तेव्हा तुझेही गाल धरायची मी."

"हो, आत्या."

"तुला दुखायचं?"

ओलिमजाननं बायकोकडे पाहिलं. तिनं काही मदत केली नाही.

"दुखायचं, आत्या."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" आत्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला काय स्वप्न पडणार होतं?"

ती थोडा वेळ डोक्यावरचा रुमाल नीट करत बसली. मग तिनं उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, आणि मफ्तुनाला विचारलं, "हात तरी देतेस का आजीला?"

मफ्तुना विचार करू लागली. तिला कुणी पुढे ढकललं नाही. सगळ्यांचा पुलाव थांबला. अख्ख्या घराण्याला उठबस करायला लावणारी आत्या एवढ्याशा पोरीपुढे हात पसरून उत्तराची वाट बघत बसली, आणि तिनं तो हात मागे घेतला नाही.

"हो," मफ्तुना शेवटी म्हणाली. "डावा देते. उजव्याला पुलाव लागलाय."